तार आली आणि केस गेले

घाईत माणसाच्या हातून काय काय होतं! कुणी सदरा उलटा घालून बाहेर पडतो, कुणी भलत्याच्याच लग्नात पंगतीला बसून येतो. माझ्या हातून जे झालं, ते आमच्या अख्ख्या पोलादपूर तालुक्यात आधी कुणाच्या हातून झालं नव्हतं, आणि नंतर झाल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही. चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि खुशाल हसा. मीही हसत हसतच सांगायला बसतो. मध्येच थांबलो तर मात्र पुढं काय झालं म्हणून लगेच विचारू नका, जरा दम धरा.

तर गोष्ट माझ्या केसांची.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी मूळचा पोलादपूरजवळच्या कापडे गावचा, पण नोकरीला मुंबईत, लालबागच्या एका कापडाच्या दुकानात. गज हातात धरून दिवसभर उभा. अंगानं काडी, उंचीनं बेताचा, आणि कान? कानांचं काय विचारता! दोन्ही बाजूंची दारं सताड उघडी टाकून घरवाले गावाला गेल्यासारखे माझे कान. दुकानात आलेलं गिऱ्हाईक मला ओलांडून पलीकडच्या माणसाला भाव विचारायचं. मी उत्तर दिलं तरी ते त्याच्याकडेच बघायचं.

मग मी केस वाढवले. पुढं हा असा फुगवलेला कोंबडा, कानांवर उतरलेली झुलपं, आणि सगळ्यावर तेलाचा हात. आणि काय सांगता, माणूसच बदलला! उंची दोन बोटं वाढली. कान दिसेनासे झाले. गिऱ्हाईक मला शेठ म्हणू लागलं. माझा आवाजसुद्धा बदलला हो. पूर्वी भाव सांगताना मी जमिनीकडं बघायचो, आता गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून सांगू लागलो. पानवाल्याचा आरसा दिसला की मी थांबायचोच, पान खायचं असो की नसो. एवढ्याशा केसांत एवढी ताकद असते, हे ज्याचे कान झाकलेले असतात त्याला नाही कळायचं.

पहिल्यांदा गणपतीला गावी गेलो. बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि आत आईला हाक मारून म्हणाले, "गो, ह्याच्या डोक्यावर काय तरी बसलंय, हाकल त्याला."

बाबांचं आणि माझ्या केसांचं कधी जमलंच नाही. मुंबईला परत निघालो की ते डोक्यावर हात ठेवायला पुढं यायचे आणि मी कोंबडा विस्कटेल म्हणून मान मागं घ्यायचो. हात मग खांद्यावर पडायचा. मला त्यात काही वाटायचं नाही.

अशात तुडीलला आमच्या बाबांचे एक जुने सोयरे वारले. त्यांचा मुलगाही मुंबईकर, त्याचेही केस माझ्यासारखेच. आमच्याकडं बाप गेला की मुलानं डोकं उतरवायचं, मिशीसुद्धा ठेवायची नाही. या पठ्ठ्यानं एक बट कापून न्हाव्याच्या हातात दिली आणि वरून टोपी घातली. बाबा त्या मयताला गेले होते. घरी आले आणि न जेवता ओटीवर बसून राहिले. मी शिमग्याला गेलो तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं, "शांताराम, माझ्या येळेला तू काय करशील?"

मी हसलो. म्हटलं, बाबा, तुम्ही एवढ्यात कुठं निघालात? विषय टाळायची ही आपली नेहमीची रीत. पण बाबा हसले नाहीत, आणि पुन्हा त्यांनी विचारलंही नाही. जाताना आईनं मला सांगितलं की ते मनाला लावून बसलेत. जमिनीचं काय होईल, घराचं काय होईल, याची त्यांना कसलीच चिंता नव्हती. आपला एकुलता एक पोरगा आपल्यासाठी डोकं उतरवील का, एवढा एकच घोर होता.

आणि मग तार आली.

तारेत लिहिलं होतं की वडील सिरीयस आहेत, ताबडतोब निघा. आता तुम्हाला एक सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडून मुंबईला येणाऱ्या तारेत कधी कुणी मेलेलं नसायचं. सगळे सिरीयस असायचे. माणूस जळून राख झालेला असला तरी तारेत सिरीयसच. पोराला वाटेत धक्का बसू नये, त्यानं धडपणे घरी पोचावं, म्हणून. त्यामुळं तार आली की खोलीत आधी रडारड व्हायची, वाचायचं मागाहून.

आमच्या खोलीत आमच्याच बाजूची सगळी माणसं. त्यात धोंडूकाका वडीलधारे. आमच्या शेजारच्या वाडीचे, आणि बारशापासून बाराव्यापर्यंत कुठं काय करायचं हे सगळं त्यांना विचारून व्हायचं. त्यांनी तार हातात घेतली. इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, डोळ्यांना पंचा लावला आणि म्हणाले, "गेले."

मी म्हटलं, काका, सिरीयस लिहिलंय. तर ते म्हणाले, "शांत्या, तू ल्हान हायस. जिता असता तर तारेला पैसं कोन घालवील?"

मी बसलोच खाली.

काका माझ्याबरोबर निघाले. एकट्यानं जायचं नाही, अशी पद्धत. एस.टी. सुटल्यावर त्यांनी आजूबाजूच्यांना सांगितलं, त्यांनी पुढच्यांना सांगितलं, आणि पनवेल यायच्या आत सगळ्या गाडीला माझा बाप मेल्याचं कळलं होतं. दासगावच्या एका बाईनं मला खिडकीची जागा दिली. एका म्हाताऱ्यानं केळं दिलं, ते मी रडत रडत खाल्लं. प्रत्येक जण विचारायचा कसे होते हो तुमचे वडील, आणि मी सांगायचो. पनवेलला ते नुसते चांगले होते. माणगाव आलं तेव्हा ते देवमाणूस झाले होते. त्यांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नाही, असंही मी सांगून टाकलं. खरं म्हणाल तर आमच्या बाबांनी मला मारताना हाताशी येईल ती वस्तू वापरली होती, आणि एकदा तर चक्क नारळ.

खिडकीतून वारा येत होता. मी रडत होतो आणि एका हातानं कोंबडा धरून बसलो होतो. सवय हो, दुसरं काय. धोंडूकाका त्या हाताकडं बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "ह्येचं काय करनार हायस?"

तेव्हा मला बाबांचा शिमग्यातला प्रश्न आठवला. ज्याला उत्तर हवं होतं तो माणूस गेला होता, आणि मी त्याला हसण्यावारी नेलं होतं. मी काकांना म्हटलं, उतरवायचा. सगळा उतरवायचा.

काकांना एवढंच हवं होतं. म्हणाले, मग महाडलाच उरकू. आग तर चुलत्यानं कालच दिली असेल. सुतकाच्या घरात हा कोंबडा घेऊन शिरलास तर लोक तुडीलच्या पोराचं नाव विसरतील आणि तुझं घेतील. डोकं उतरव, अंघोळ कर, आणि मग उंबरा ओलांड. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते करायचंच होतं. बाबांना दिसणार नव्हतं, पण कळेल कुठून तरी, असं वाटत होतं.

महाडला सावित्रीच्या काठी न्हावी बसला होता. त्यानं विचारलं, कोण? मी म्हटलं, वडील. त्यानं मग मला बसवलं, डोक्याला पाणी लावलं आणि हात लावल्यावर क्षणभर थांबला. केस चांगले होते, असं पुटपुटला. पहिली बट मांडीवर पडली तेव्हा मी डोळे मिटले. शेवटी त्यानं मिशीवरून वस्तरा फिरवला आणि आरसा पुढं केला.

आरशात बाबा होते. तेच डोकं, तेच हाडकुळे गाल, आणि दोन्ही बाजूंना तेच कान. इतकी वर्षं मी हा चेहरा झुलपांखाली दडवून गिऱ्हाइकापुढं उभा राहत होतो. मी आरसा परत दिला, नदीत बुडी मारली आणि पाण्यातच पोटभर रडून घेतलं.

महाडहून पोलादपूर, आणि तिथून पायी आमचं कापडे गाव. भाताची झोडणी चालू होती, बाया खळ्यांवर होत्या. गावाची वेस आली आणि धोंडूकाकांनी गळा काढला. आता आमच्याकडं कोण गेलं हे विचारायच्या आधी रडायची रीत. काकांचा सूर ऐकला, माझं तुळतुळीत डोकं बघितलं, आणि बायांनी हातातले भारे टाकले. एक रडायला लागली, तिच्यामागं चार लागल्या, वरच्या वाडीतून आणखी धावत आल्या. त्यातल्या एकीलाही आपण कुणासाठी रडतोय ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बाबांना गावानं किती मानलं बघा! असा सगळा लवाजमा रडत आमच्या दारात येऊन थांबला.

दार उघडंच होतं. आई हातात पेजेचा वाडगा घेऊन बाहेर आली.

तिच्या कपाळावर कुंकू होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी बघत राहिलो. मला वाटलं, धक्क्यानं आईला काही सुचत नसेल. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. क्षीण, खोकल्यात अडकलेला, पण बाबांचाच.

"कोन गेलं गो?"

सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. मी मागं वळून बघितलं तर धोंडूकाका गोठ्यामागून लांब लांब ढांगा टाकत त्यांच्या वाडीकडं निघालेले. नंतर कितीतरी महिने तो माणूस मुंबईत माझ्या समोर जेवायला बसला नाही.

आईनं माझं डोकं बघितलं, मग ओठाकडं बघितलं. तिला सगळं कळलं. माझी आई म्हणजे काय चीज होती! तिनं आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "कोन नाय. पोरानं नवस केलान तुमच्यासाठी. केस दिलान देवाला."

झालं! त्याच बाया, तेच रडणं, फक्त कारण बदललं. एकमेकींना सांगू लागल्या की असा पोरगा मिळायला पुण्याई लागते, बापासाठी एवढे लाडके केस दिले. एका म्हातारीनं तर माझ्यावरून बोटं मोडली. मी मान खाली घालून उभा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आणि आतून मात्र बाप जिवंत आहे म्हणून हृदय नुसतं उड्या मारत होतं.

मी आत गेलो. बाबा घोंगडीवर पडले होते. ताप छातीत उतरला होता, अंगात काही राहिलं नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकलो. त्यांनी हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मी मान मागं घेतली नाही. मागं घेण्यासारखं आता राहिलंच काय होतं? तो खरखरीत हात सगळ्या डोक्यावरून फिरला आणि कानाशी आला.

"कान माझेच हायत," ते म्हणाले.

मग बोट खाली आलं. वरच्या ओठावर येऊन थांबलं.

"नवसाला मिशी कवापासून घ्यायला लागला रे देव?"

मी कसाबसा 'तार' एवढंच म्हणालो. बाबा हसले. हसता हसता एवढी ढास लागली की आई पाणी घेऊन धावली. ढास थांबल्यावर त्यांनी सांगितलं की ती तार त्यांनीच करायला लावली होती. जीव आहे तोवर पोरगा एकदा डोळ्यांना दिसावा म्हणून. बघा माझं नशीब! अख्ख्या तालुक्यातून आजवर एकच खरी तार गेली, आणि ती माझ्या वाट्याला आली.

"तुला कोनी सांगितलं उतरवायला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, महाडात उरकायचं काकांनी ठरवलं, पण उतरवायचं माझं मीच ठरवलं होतं.

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळानं तसेच, डोळे न उघडता म्हणाले, "बरं झालं. मला वाटत होतं, तू नाय देनार." आणि मग म्हणाले, "माझं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. असं कोनाला मिलतं रे?"

त्यानंतर ते काही दिवस बरे होते. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते नवसाचीच गोष्ट सांगायचे. मला शेजारी बसवायचे आणि सांगता सांगता माझ्या डोक्यावर हात फिरवायचे. खरं काय ते आम्हा तिघांना आणि धोंडूकाकांना तेवढं माहीत. मुंबईला असताना मी केसांशिवाय दारात उभा राहिलो नसतो, आणि इथं तुळतुळीत डोकं आणि उघडे कान घेऊन गावभर फिरत होतो. पाण्यावर गेलेल्या बाया मला वाट द्यायच्या. जिवंत माणूस मेल्याची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं असं म्हणतात ना? आई ते रोज म्हणायची. मीही मनात म्हणायचो. पेज दोन घोट जास्त गेली की आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो.

नाही वाढलं.

एका दुपारी मी मागं लाकडं फोडत होतो. आईनं नुसतं माझं नाव घेतलं, आणि त्या एका हाकेत मला कळलं.

नदीवर गावचा न्हावी आला. मला समोर बसवलं. त्यानं वस्तरा परजला, डोक्याला पाणी लावलं आणि हात लावून बघितलं. कापणी झालेल्या शेतात राहतात तेवढे खुंट. बाकी काही नाही. त्यानं चुलत्याकडं बघितलं. चुलते म्हणाले, नुसता फिरव. मग तो वस्तरा माझ्या डोक्यावरून फिरत राहिला. खाली काही पडत नव्हतं, आणि मी मांडीकडं बघत बसलो होतो. तेव्हा मला जो हुंदका आला, तो आवरेना. लोक म्हणाले, बापावर फार जीव. होता हो, जीव होताच. पण बाबांना द्यायला त्या वेळी माझ्याकडं काहीसुद्धा उरलं नव्हतं. जे होतं ते मी आधीच सावित्रीत सोडून आलो होतो.

तेरावं झालं. मी मुंबईला निघालो. आई वेशीपर्यंत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी पाया पडलो तशी म्हणाली, "शांताराम, माझी तार आली ना, तर आधी घरी ये. दारात उभा ऱ्हावून मला हाक मार. ओ दिली नाय, तर मग जा न्हाव्याकडं."

मला हसू आवरेना. तीही हसली. त्या दिवसांतलं तिचं पहिलं हसू ते.

पुढं बरीच वर्षं गेली. केस परत आले, पण कोंबडा काही मी ठेवला नाही, आणि तिशी उलटल्यावर केसांनीच मला सोडायला सुरुवात केली. आधी पुढून, मग वरून. चाळिशी जवळ आली तोवर मागची एक झालर सोडली तर डोकं स्वच्छ. लाज वाटायची हो. दुकानातही टोपी, गावीही टोपी. गणपतीला गेलो तरी आईसमोर ती काढायचो नाही. तिला वाटायचं, पोरगा आता पोक्त झाला.

मग तिची तार आली. तीच भाषा, सिरीयस, ताबडतोब निघा. खोलीतल्या लोकांनी गळा काढला. मी त्यांना गप्प केलं. वाटेत कुणाशी बोललो नाही, महाडला नदीकडं बघितलंसुद्धा नाही. धावतपळत घरी गेलो आणि दारात उभा राहून हाक मारली, "आये!"

आतून ओ आली.

तुम्हाला सांगतो, त्या एका ओसाठी मी काय दिलं नसतं! मी आत धावलो, चौकटीला डोकं आपटलं, टोपी पडली, ती तशीच टाकून तिच्या उशाशी जाऊन बसलो. आईला दिसायला कमी झालं होतं. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं, माझ्या डोक्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"शांताराम," ती म्हणाली, "परत घाई केलीस रे."